लंडन बुडाल्याची बातमी

लंडन पाण्याखाली गेल्याचं रेहानाला कळलं तेव्हा तिच्या हातात पक्कड होती. चैत्रातला मंगळवार, दुपारची नमाज होऊन गेलेली, पुढच्या दुकानात शफीची कातर कापडातून कुरकुरत चाललेली, आणि आतल्या खोलीत ती एका इंग्रजी मासिकाच्या पाठीतली तार उपसत होती. तार अर्धी बाहेर आली आणि नजर सहज वरच्या ओळीवर गेली. ओळ साधी होती. बुधवारी सकाळी लंडन शहर बुडालं आणि गुरुवारी संध्याकाळी राजवाड्याच्या गच्चीवरून मासे पोहत गेले, एवढंच. तिने ती पुन्हा वाचली. मग बोट ठेवून वाचली, कारण इंग्रजी वाचून तिला पंधरा-सोळा वर्षं झाली होती आणि 'बुडालं' या शब्दाचा दुसराही काही अर्थ असला तर तो आपण विसरलो असू, अशी तिला शंका आली. दुसरा अर्थ आठवला नाही. तिने पक्कड खाली ठेवली. खिडकीतून समोरच्या घराच्या पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या दिसत होत्या, त्यांच्याकडे ती थोडा वेळ बघत राहिली. एवढं मोठं शहर गेलं आणि इथे मिरच्या वाळताहेत, हे तिला बरं दिसेना.

घरात माणसं तीन. नवरा शफी, धंद्याने जिल्दसाज, पण पाटीवर त्याने 'बाइंडर' असं लिहून घेतलं होतं. त्याची थोरली विधवा बहीण जहिदाआपा, जी खळ शिजवायची आणि लग्नाला चौदा वर्षं होऊन गेली तरी रेहानाला दुल्हनच म्हणायची. आणि रेहाना, जी शिवायची. कोकणीपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांतून कोर्टाची दप्तरं, शाळांची हजेरीबुकं, पंचवटीतल्या पुजाऱ्यांच्या पोथ्या आणि मशिदीतली कुराणं सारख्याच टाक्यांनी शिवून बाहेर पडत. गेल्या आठवड्यात देवळालीच्या छावणीतून, गोऱ्या सोल्जरांच्या वाचनखोलीचे कारकून वाल्मीकराव टांग्यातून दोन पोती घेऊन आले होते. पोत्यांत खरबरीत कागदाची जाडजूड मासिकं होती, बोटीने आलेली आणि वाचून वाचून कानकोपरे गेलेली. वाल्मीकरावांनी हुकूम सांगितला : तारा काढायच्या, कव्हरं आणि जाहिराती फेकायच्या, सहा-सहा अंक महिन्यावारी लावून एकेक जिल्द करायची, कापड तपकिरी, पाठीवर सोनेरी अक्षरांत साल. जाहिरात कुठली आणि मजकूर कुठला हे कळण्याइतकं इंग्रजी येतं ना, असं त्यांनी विचारलं, आणि न यायला काय झालं, असं शफी म्हणाला. शफीला इंग्रजी येत होतं ते पाठीवर ठसे मारण्यापुरतं. वाटेत रोज भेटणाऱ्या माणसांना चेहऱ्याने ओळखावं आणि नाव कधी विचारू नये, तशी त्याची त्या सव्वीस अक्षरांशी ओळख होती. कव्हरं त्याने त्याच संध्याकाळी फाडून चुलीसाठी आपांच्या हवाली केली आणि बाकीचा ढीग मुकाट्याने आत, बायकोसमोर, आणून ठेवला.

रेहानाला इंग्रजी आलं ते धरणावर. तिचे अब्बा निजाम खानसामा, दारणेचं धरण बांधलं जात होतं तेव्हा तिथल्या एका इंजिनिअर साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाक करत. मडमेला मूलबाळ नव्हतं आणि दुपारी करमत नसे, म्हणून खानसाम्याच्या पोरीला व्हरांड्यात बसवून तिने पाच वर्षं इंग्रजी शिकवलं. गोष्टीची पुस्तकं बंगल्यात नव्हती. साहेबाला त्यांचा तिटकारा होता. त्यामुळे रेहाना जे वाचायला शिकली ते औषधाच्या बाटल्यांवरचं, आगगाडीच्या वेळापत्रकातलं आणि धरणाच्या भिंतीवरच्या पाट्यांवरचं. एका पाटीवर लिहिलं होतं, येथे पाणी खोल आहे, उतरू नये. एक बकरी उतरली आणि बुडाली. वेळापत्रकात सव्वासात लिहिलेलं असलं की गाडी सव्वासातलाच खडखडत जाई. उर्दूत शायरी होती, मराठीत शेजारणी होत्या, पण इंग्रजीत कोणी खोटं लिहीत नाही हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही. आणि मग साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याने अब्बांना चिठ्ठी दिली होती. अब्बांनी ती मेणकापडात गुंडाळून आणली आणि बारा वर्षांच्या लेकीला म्हणाले, वाच. चिठ्ठीत लिहिलं होतं, निजाम सहा वर्षं माझ्याकडे होता, सूप बरं करतो, साखरेच्या डब्यावर नजर ठेवावी. रेहानाने वर न बघता मराठीत वाचून दाखवलं, साहेब लिहितात की निजामसारखा माणूस शोधून सापडायचा नाही. अब्बा खूश झाले. तेव्हापासून ते मरेपर्यंत, त्यांनी चहात साखर टाकायला चमचा उचलला की ती दुसरीकडे बघायची.

तेव्हा लंडन बुडालं म्हणजे बुडालं. संध्याकाळी तिने शफीला सांगितलं. शफीने भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला आणि बराच विचार करून विचारलं की मग देवळालीतले सोल्जर काल फुटबॉल कसे खेळत होते. मग उत्तरही त्यानेच काढलं. त्यांना अजून सांगितलं नसेल, फौजेला वाईट बातमी उशिरा देतात. आपांनी एवढंच विचारलं की पाणी किती चढलं, नारोशंकराच्या घंटेला लागलं असतं का. नाशकात पूर मोजायचा तो गंगेच्या, म्हणजे गोदेच्या, काठच्या त्या घंटेवर, दुसरं माप आपांना ठाऊक नव्हतं. घंटा केव्हाच गेली असती, रेहाना म्हणाली. आपांनी लंडनसाठी दुवा मागितली आणि खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घातला.

शफीने मात्र ती बातमी पोटात ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी लियाकतच्या हॉटेलात, चहा बशीत ओतता ओतता, त्याने ती सांगितली, आणि कुठून कळलं असं लियाकतने विचारल्यावर सहज म्हणाला, वाचलं मी, इंग्रजीत. शुक्रवारपर्यंत ती भांडीबाजार ओलांडून, पूल चढून पंचवटीत पोचली. वर्तमानपत्रांत एक अक्षर नव्हतं, पण त्यामुळे लोकांची खात्रीच पटली : सरकारने दाबली. भाजीबाजारात कोणी म्हणालं की आता वसुलीला येणार कोण. नुकतेच तुरुंगातून सुटून आलेले एक गृहस्थ फार उदास झाले म्हणे. सत्याग्रहात दोनदा शिक्षा भोगली, सूत कातून बोटं सोलली, आणि शेवटी हे काम पाण्याने केलं. रेहानाला हे सगळं आपांकडून कळे. तिला आत कुठेतरी घाबरायला होई आणि कुठेतरी अभिमानही वाटे, की अख्ख्या नाशकात ही गोष्ट पहिल्यांदा आपल्याला समजली.

पुढच्या अंकात लंडन गोठलं होतं. रेहानाला त्यात काही विपरीत वाटलं नाही. पाणी आलं, थंडी पडली, पाण्याचं बर्फ झालं, हे सरळच होतं. त्याच्या पुढच्या अंकात बैलाएवढ्या मुंग्या लंडनच्या रस्त्यांतून फिरत होत्या. आता बर्फावरून मुंग्यांना चालायला हरकत नव्हती, फक्त इतकी माणसं पुन्हा पळायला कुठून आली एवढं तिला नीट जुळेना. तिने ते मागे कुठेतरी वाचायचं राहून गेलं असेल म्हणून सोडून दिलं. एका पानावर एक काडीसारखा माणूस सात दिवसांत पहिलवान होतो असं होतं, तेही तिने सांभाळून शिवणीत घेतलं, आणि एक विजेचा पट्टा कमरेला बांधून ढगांत गेलेल्या माणसाची सहा पानं जाहिरात समजून टोपलीत टाकली. पाचव्या अंकात लंडन जागच्या जागी होतं. साल होतं तीन हजार चारशे बारा. तिथे एक कारकून होता, त्याची बायको चंद्रावर माहेरी गेली होती, आणि तिला आणायला जाण्यासाठी त्याने केलेला रजेचा अर्ज बावीस पानं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. रेहानाने सालाचा आकडा एकेक करून पाहिला. तीन. चार. एक. दोन. इतकं साल अजून झालेलंच नाही. जे झालेलं नाही ते कोणाला कसं कळेल, आणि कळलं नसेल तर हा माणूस लिहितोय काय.

त्यानंतर काय झालं ते तिला पुढेही नीट सांगता आलं नाही. आधी कान गरम झाले. मग ते भाजीबाजारातले, पुलावरचे, पंचवटीतले लोक एकेक करून डोळ्यांसमोर आले, आणि ते उदास गृहस्थ, ज्यांना तिने कधी पाहिलंही नव्हतं. मग तिला हसू आलं. ते दाबण्यासाठी तिने ओढणीचा बोळा तोंडात धरला, तेवढ्यात शफीने बाहेरून विचारलं की दोरा संपला का, आणि तिने मानेनेच नाही म्हटलं, जे त्याला दिसणं शक्य नव्हतं. हसू ओसरल्यावर मात्र तिने पुन्हा त्या आकड्यावर बोट ठेवलं. इंग्रजीत खोटं लिहिता येतं. नुसतं येतं नाही, लोक बसून, ओळीवर ओळ रचून, मनापासून लिहितात. मग वेळापत्रक? मग औषधाची बाटली? आणि मग, कोणी हाक मारावी तशी, साखर. साहेबाला सूप आवडत नसेल. साहेब चिडका होता, मडम त्याला घाबरायची. निघायच्या गडबडीत कोणावर तरी राग काढायचा म्हणून त्याने ती ओळ लिहिली असेल. किंवा साखर मडमच खात असेल, दुपारी, व्हरांड्यात, चमच्याने. रेहानाला एकदम मडमेची बोटं आठवली, पुस्तकावर ठेवलेली, किंचित चिकट. बारा वर्षांच्या मुलीने एका ओळीवर विश्वास ठेवला आणि बापाच्या तोंडाकडे बघायचं सोडलं. ती उठली, चहा केला, त्यात मुद्दाम चार चमचे साखर घातली आणि भिंतीकडे तोंड करून हळूहळू पिऊन टाकला. आपांनी विचारलं काय झालं. दात दुखतोय, ती म्हणाली.

खरं तर तिने त्याच दिवशी शफीला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. लाज तर होतीच, पण दुसरं कारण असं की आता ती वाचत होती. आधी खबर म्हणून वाचत होती तेव्हा छातीत धडधडायचं, आता गोष्ट म्हणून वाचायला लागली तर धडधड तीच, आणि वर एक सुख, की कोणी खरोखर मरत नाहीये. सुरुवातीला तिला वाटलं या सगळ्या एकाच जातीच्या गोष्टी, शहरं बुडवायच्या. पण दहाव्या-बाराव्या अंकापर्यंत तिच्याभोवती जमिनीवर ढीग पडायला लागले, कारण शिवणाऱ्या हातांना सारखं ते सारख्यापाशी ठेवायची सवय असते. बुडणाऱ्यांचा ढीग वेगळा, त्यात गोठणारे आणि मुंग्यांचे चालले. इथून वर जाणारे वेगळे, आणि वरून इथे येणारे वेगळे, कारण जाणाऱ्यांच्या गोष्टीत माणसं भांडकुदळ असत आणि येणाऱ्यांच्या गोष्टीत तीच माणसं अचानक गुणी होत. डॉक्टरांचा एक ढीग होता. त्यातल्या प्रत्येक डॉक्टरला एक सुंदर मुलगी आणि एक तळघर असे. लोखंडी नोकरांचा ढीग आपांना फार आवडे. त्यात एका विधवा बाईने असला नोकर आणला होता, तो भांडी घासायचा आणि उलट बोलायचा नाही. शेवटी तो बिघडून घराला आग लावतो हे रेहानाने सांगितल्यावर आपा म्हणाल्या, तरी घासायचा ना. उद्याच्या सालांचा ढीग तिचा स्वतःचा, त्यात तो कारकून. बोटाएवढ्या बारीक झालेल्या माणसांचा एक छोटासा ढीग होता. आणि मग काही गोष्टी कुठेच बसेनात. एकीत समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या कोणा प्राण्याने बोटींच्या कंपनीला पत्र लिहिलं होतं की तुमचे नांगर आमच्या स्वयंपाकघरात पडतात. एकीत एका गावातल्या भिंती जुनं बोलणं साठवून ठेवत आणि पावसाळी हवेत परत बोलत, त्यामुळे तिथले भाडेकरू कुजबुजत राहत. यांत कोणी बुडत नव्हतं की कुठे जात नव्हतं. त्या वाचून झाल्या की रेहानाला उगाच घरातल्या भिंतीला हात लावून बघावासा वाटे. त्यांचा ढीग तिने उशाशी ठेवला.

दहाव्या दिवशी कारभारी नावाचा हवालदार आला. दुकानाच्या फळीवर बसून त्याने आधी पाणी मागितलं, ते पिऊन झाल्यावर मिशा पुसल्या आणि म्हणाला, "लंडन बुडालं म्हून गावात लय बोभाटा हाय. लियाकत म्हनतो, शफीनं सांगितलं. फौजदारसायबांनी बोलावलंय. ज्यात वाचलं ते बी घिऊन चला." आत पडद्यामागे रेहाना हातातली सुई खोचून उठली. शफी मासिक घ्यायला आत आला तेव्हा तिने त्याला हळूच सांगितलं की फौजदारांना म्हणावं ही बातमी नाही, गोष्ट आहे, मनाने रचलेली.  मग मला बातमी म्हणून का सांगितलंस, असं त्याने विचारलं. तेव्हा मलाही बातमीच वाटली होती, ती म्हणाली. आणि गोष्ट आहे हे कधी कळलं? तिने सांगितलं, पाच दिवस झाले. शफी ओरडला नाही. तो टोपी शोधायला लागला, आणि ती त्याच्या डोक्यावरच होती. रेहानाने बुरखा घेतला आणि न विचारता त्याच्या मागोमाग निघाली.

चौकीत फौजदार टेबलाशी बसले होते, कोपऱ्यात सायकलचोरीत पकडलेला एक इसम उकिडवा बसला होता, आणि रेहाना बाहेर पडवीत खांबाशी उभी राहिली. फौजदारांनी शफीला ती ओळ वाचून दाखवायला सांगितली. शफीने मासिक दोन्ही हातांत धरलं. रेहानाला त्याची पाठ दिसत होती, सदऱ्यावर खळीचा एक वाळलेला डाग होता. तो एकेक अक्षर म्हणू लागला, एल, ओ, एन, आणि शब्दाच्या शेवटापर्यंत जाऊन थांबला. पुढची अक्षरंही त्याच्या ओळखीचीच होती, पण त्यांनी त्याच्याशी कधी बोलणं केलं नव्हतं. गल्लीत, हॉटेलात, वाल्मीकरावांसमोर जे काही त्याने इतके दिवस उभं केलं होतं ते आता त्या फरशीवर पडणार हे तिला कळलं, आणि पडवीतून आत जाऊन ते हातांत झेलावं असं तिला वाटलं.

"साहेब, मला वाचता येत नाही," शफी म्हणाला. "माझी बायको वाचते. तिला चांगलं येतं."

शेवटचं वाक्य त्याने जरा मोठ्याने म्हटलं. इतक्या वर्षांत तो तिच्याबद्दल लोकांत काही बोललेला तिने ऐकलं नव्हतं. फौजदारांनी मासिक पडवीत पाठवलं आणि, स्वतःला इंग्रजी येत असलं तरी परीक्षा म्हणून, बाईंनी तिथूनच वाचून अर्थ सांगावा असं फर्मावलं. रेहानाने वाचलं. लंडनमधला पाऊस सुरू झाला आणि तिला कोणाचं भान राहिलं नाही. पाणी दुकानांत शिरलं, जिने चढलं. एक शिपाई दारातून आत यायचा तो तिथेच थबकला. सायकलचोर हळूहळू सरकत उंबऱ्यापाशी आला आणि त्याला कोणी हटकलं नाही. नायक आणि त्याची नियोजित वधू एका चर्चच्या कळसाला धरून आहेत, आणि कळस हलतो आहे, इथे रेहाना थांबली.

"पुढे?" फौजदार म्हणाले.

पुढचं पुढच्या अंकात आहे, तिने सांगितलं, आणि तो घरी आहे. फौजदारांनी टाक शाईत बुडवला, पुन्हा पुसला, आणि म्हणाले की अपुऱ्या पुराव्यावर असं काही ठरवता येणार नाही. कारभारी हवालदार त्याच पावली घरी येऊन पुढचा अंक घेऊन गेला, आणि त्यानंतर चार दिवस तो रोज आधीचा अंक परत करून पुढचा न्यायला येत राहिला. पहिल्यांदा तो 'पुरावा द्या' म्हणे. तिसऱ्या दिवशी त्याने आवाज खाली आणून विचारलं की ती कळसावरची बाई वाचती का. वाचते, पण बोटीवरचा म्हातारा जातो, असं आपांनी आतून सांगितलं, आणि हवालदार हळहळला. पाचव्या दिवशी फौजदारांनी मजकूर कल्पित असल्याचं लिहून प्रकरण मिटवलं आणि शफीने ते लोकांना स्वतः जाऊन सांगावं अशी तंबी दिली. शफी लियाकतच्या हॉटेलात गेला, उभा राहिला आणि म्हणाला की लंडन बुडालेलं नाही, जागेवर आहे, मला इंग्रजी येत नाही.  मग लियाकतने त्याच्यासमोर चहा ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चौकीत बोलावून शफीला दाबला, हे अख्ख्या हॉटेलला एका क्षणात समजलं होतं. त्यानंतर पंचवटीत तर मुंबईही बुडाल्याचं बोलू लागले.

जिल्दी मात्र तशाच पडल्या होत्या. रेहानाने शफीला ढीग दाखवले आणि सांगितलं की या महिन्यावारी लावायच्या नाहीत, जातवारी लावायच्या. एका अंकात चार जातींच्या गोष्टी एकमेकींना कोपराने ढकलत बसलेल्या असतात, बुडणाऱ्याचा जीव जात असतो आणि पान उलटलं की चंद्रावर लग्न. तारा काढलेल्याच आहेत, पानं सुटी आहेत, मग जिथली तिथे का ठेवू नयेत. एका गोष्टीचे पाच अंकांत तुटलेले तुकडे तरी एकत्र येतील. शफी म्हणाला की वाल्मीकराव काम परत करतील. मग ढिगांकडे बघत त्याने विचारलं की यातली नांगरवाली कुठली. चौकीतून आल्यापासून तो संध्याकाळी आत येऊन बसे आणि ऐके. नांगर त्याच्या डोक्यात अडकला होता.

अडचण आली ती पानांची. कागदाला दोन बाजू असतात. एका बाजूला बुडणाऱ्यांचा शेवट आणि मागे जाणाऱ्यांची सुरुवात, असं पान कोणत्या जिल्दीत घालायचं? रेहाना दोन दिवस यावर बसून होती. शेवटी तिने ठरवलं की पान शेवटाकडे द्यायचं, कारण शेवटाशिवाय माणसाला झोप लागत नाही, आणि सुरुवात आपण हाताने उतरवून लावायची. अशी एकोणीस पानं तिने बोरूने लिहून काढली, मडमेने शिकवलेल्या गोल अक्षरात. अकराव्या पानावर मंगळावर निघालेल्या टोळीची गोष्ट होती. टोळीत सहा गोरे होते आणि एक हिंदी स्वयंपाकी. एव्हाना तिच्या ध्यानात आलं होतं की जाणाऱ्यांच्या गोष्टीत स्वयंपाकी पहिला मरतो. कोणी काही शोधून काढण्याआधी, कोणी प्रेमात पडण्याआधी, दुसऱ्या परिच्छेदात, आणि त्याचं नावही नसतं. तिने पहिला परिच्छेद जसाच्या तसा उतरवला. दुसऱ्याशी बोरू थांबला. शाई टोकाशी जमून थेंब व्हायला आला. मग तिने मोठ्या सावधपणे, व्याकरण सांभाळून, लिहिलं की स्वयंपाकी निजाम दार वेळेवर लावून आत राहिला आणि त्याने सर्वांसाठी सूप केलं, ते उत्तम झालं होतं. गोष्ट पुढे छापील पानांवर होती तशी चालली. स्वयंपाक्याचं नाव पुढे कुठेच येत नव्हतं, तेव्हा तो मेला नाही म्हणून कोणाचं काही अडलं नाही.

वाल्मीकरावांनी जिल्दी पाहिल्या तेव्हा ते खाली बसले. पाठीवर साल नव्हतं. शफीने सोनेरी ठशांनी रेहानाचे इंग्रजी शब्द उमटवले होते : बुडालेले, जाणारे, येणारे, डॉक्टर, लोखंडी, उद्याचे, बारीक, आणि आठव्या, सर्वांत जाड जिल्दीवर, इतर. अंक कुठे गेले, असं वाल्मीकराव विचारत राहिले. सगळे इथेच आहेत, शफी म्हणाला, नुसते उठून आपापल्या घरी गेलेत, आणि हाताने लिहिलेली पानं माझ्या बायकोची आहेत. हे सगळं उसवून पुन्हा करा, असं ते म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी वाचनखोली बघायला मोठा साहेब येणार होता आणि फळ्या रिकाम्या होत्या, तेव्हा छावणीचं पुन्हा नाव काढू नका, असं बजावून त्यांनी आठही जिल्दी टांग्यात घातल्या.  कोर्टाच्या दप्तरांना टाके घालताना रेहानाला पहिल्यांदाच जाणवलं की त्यांत सगळी एकच जात आहे, आणि तिला खोली मोकळी-मोकळी वाटत राहिली.

पंधरवड्याने वाल्मीकराव परत आले ते तीन पोती घेऊन. चेहरा पडलेला होता. पाणी घेऊन, घाम पुसून, इकडे-तिकडे बघून ते बोलले. सोल्जर आता येऊन सरळ 'बुडालेले द्या' म्हणतात. आठव्या जिल्दीसाठी दोघांची मारामारी झाली. ही जातवारी कोणी लावली असं मोठ्या साहेबाने विचारलं, वाल्मीकरावांच्या तोंडून 'मी' निघून गेलं. हाताने लिहिलेली पानं कोणाची असंही विचारलं, तेव्हाही तेच निघालं. आता साहेब त्यांना रोज कचेरीतली पत्रं त्याच अक्षरात लिहायला सांगतो. बाईंनी अक्षर दाखवलं असतं तर, असं म्हणून ते पडद्याच्या दिशेने बघत थांबले. शफीने आत पाहिलं. रेहानाने मडमेच्या वळणातली सव्वीस अक्षरं कागदावर काढून पडद्याखालून सरकवली. शफीने तो कागद उचलून वाल्मीकरावांना दिला, पण देण्याआधी जरा वेळ स्वतः बघत राहिला, आणि आत येऊन म्हणाला की असाच एक मलाही दे.

नव्या पोत्यांतली मासिकं वेगळी निघाली. कागद गुळगुळीत, चित्रं काळोखी. कव्हरं या वेळी फाडली नव्हती. रेहानाने पहिल्या अंकाची तार उपसली आणि वाचायला लागली. आपा चुलीपाशी खळ ढवळत होत्या. त्यांनी विचारलं की यात काय बुडतं.

काही बुडत नाही, रेहाना म्हणाली. एक म्हातारा आहे, तो त्याच्या खोलीत मेलेला सापडलाय, आणि त्याला कोणी मारलं ते बाकीचे सगळे शोधताहेत.

"किती पानं?"

रेहानाने चाळून पाहिलं. "दोनशे."

"एका माणसासाठी?" आपा म्हणाल्या. त्यांनी पातेलं उतरवलं, हात पुसले आणि तिच्या शेजारी येऊन बसल्या. "फार भला माणूस असणार, दुल्हन. वाच."